प्रत्येक यंत्र म्हणतं ‘तयार’, तरी रन अडकतो: वेगवेगळ्या उत्पादकांची प्रयोगशाळा-उपकरणं एकत्र चालवताना

लक्षण आधी सांगतो, म्हणजे हे आपल्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

संध्याकाळी रन सुरू होतो, म्हणजे प्लेट्सची (नमुन्यांसाठी छोट्या विहिरी असलेल्या ताटल्यांची) आपोआप चालणारी फेरी. पहिल्या बऱ्याच प्लेट्स बिनबोभाट जातात: रॅकमधून लिक्विड हँडलरवर (द्रव टाकणाऱ्या यंत्रावर), तिथून इन्क्युबेटरमध्ये (उबवण्याच्या कपाटात), मग रीडरमध्ये (विहिरींचं वाचन घेणाऱ्या यंत्रात) आणि परत रॅकमध्ये. सकाळी येऊन पाहावं तर रोबो आर्म अर्ध्यावर उभा. शेड्युलरच्या (कोणती प्लेट कधी कुठे न्यायची ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पडद्यावर ‘रीडर व्यस्त, वाट पाहत आहे’. रीडरच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र ‘तयार’. लिक्विड हँडलर तयार, इन्क्युबेटर तयार, कुठेही लाल दिवा नाही. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं की गाडी रुळावर येते. दिवसा समोर उभं राहून चाचणी घेतली तर एकदाही अडकत नाही. दोन-तीन रात्री बऱ्या जातात आणि पुन्हा तेच.

आमच्या वर्कसेलमध्ये, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या यंत्रांच्या संचात, पाच उत्पादकांची उपकरणं आहेत. हा खोळंबा आम्ही जवळपास दोन महिने सोसला. प्रत्येक उत्पादकाच्या तंत्रज्ञानं येऊन आपापलं यंत्र तपासलं आणि ‘आमच्याकडे दोष नाही’ असं सांगितलं. ते सगळे खरं बोलत होते. दोष यंत्रांच्या मधल्या बोलण्यात होता, आणि तिथे बघणं कुणाच्याच करारात लिहिलेलं नव्हतं. आमचा एक दोष सुटल्यावर त्याच्यामागे लपलेला दुसरा वर आला, म्हणून दोन्ही सांगतो.

रीस्टार्टला हात लावण्याआधी

अडकलेली अवस्था हाच पुरावा आहे. सकाळी सात वाजता पुढच्या पाळीचे लोक दारात उभे असतात, नमुने वाया जाण्याची भीती असते, त्यामुळे पहिला हात रीस्टार्टवरच जातो. ते दहा मिनिटं थांबवा. प्रत्येक यंत्राच्या पडद्याचा फोटो काढा. कोणती प्लेट प्रत्यक्षात कुठे आहे ते डोळ्यांनी पाहून लिहा आणि शेड्युलरच्या मते ती कुठे आहे ते त्याच्या शेजारी लिहा. या दोन रकान्यांत फरक निघाला तर निम्मं काम तिथेच झालं. मग सगळे लॉग वेगळ्या जागी कॉपी करून ठेवा, कारण काही ड्रायव्हर (शेड्युलरच्या वतीनं यंत्राशी बोलणारे प्रोग्रॅम) सुरू होतानाच जुना लॉग पुसून टाकतात.

लॉग जुळवायला बसलात की घड्याळांचा प्रश्न येतो. आमच्या लिक्विड हँडलरच्या संगणकाचं घड्याळ ४ मिनिटं मागे होतं. लॉग शेजारी शेजारी ठेवले तेव्हा असं दिसलं की खोळंब्याच्या आधी लिक्विड हँडलरनं एक इशारा दिला होता. त्या इशाऱ्यामागे आम्ही दोन आठवडे घालवले. प्रत्यक्षात तो इशारा खोळंब्यानंतरचा होता: वाट पाहून कंटाळलेल्या यंत्राचा साधा टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तर न आल्याची नोंद. यंत्रांच्या संगणकांना सुरक्षिततेसाठी बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेलं असतं, त्यामुळे त्यांची घड्याळं आपोआप जुळत नाहीत. आतल्या जाळ्यातच एक एनटीपी सर्व्हर (घड्याळं जुळवून देणारा संगणक) ठेवा आणि सगळ्या संगणकांना त्याच्याकडे वळवा. ज्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ती सोयच नाही, त्याचा फरक रन सुरू होताना मोजून लॉगच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

संवाद मेला आहे की संवाद चुकतो आहे

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. केबल सुटली, यूएसबी पोर्ट झोपला, नेटवर्कचा पत्ता बदलला तर संवाद मेलेला असतो. हे पकडणं सोपं. यूएसबीवरून सिरियल करणारे अडॅप्टर वापरत असाल तर विंडोजमध्ये पोर्टचा वीज वाचवण्याचा पर्याय बंद करा, संगणकाची झोप बंद करा आणि अद्ययावतीकरण रनच्या वेळेबाहेर ढकला. अडॅप्टर दुसऱ्या भोकात घातला की कॉम पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून स्वतःचा अनुक्रमांक असलेले अडॅप्टर घ्या आणि ओळख त्या क्रमांकावरून पटवा. एवढं करून हा भाग मिटतो.

संवाद चालू आहे पण अर्थ चुकतो आहे, ही अवस्था जास्त छळते. ती ओळखण्यासाठी अडकलेल्या यंत्राच्या तारेवरून प्रत्यक्ष काय जातंय ते पाहावं लागतं. ड्रायव्हरचा लॉग पुरत नाही, कारण ड्रायव्हर स्वतःला जे समजलं तेवढंच लिहितो. सिरियल पोर्टवर हेरगिरी करणारी साधनं मिळतात. गेलेला आणि आलेला प्रत्येक बाइट मिलिसेकंदाच्या वेळेसह टिपून ठेवा. आमचं कोडं तिथेच उलगडलं.

आमचा रीडर आरएस-२३२ या सिरियल पद्धतीनं बोलतो, म्हणजे तारेवरून एकामागून एक बिट पाठवतो. हे मानक १९६० चं, पण प्रयोगशाळांतल्या यंत्रांत अजून ठाण मांडून आहे. वेग ९६०० बॉड, म्हणजे इथे सेकंदाला ९६०० बिट. प्रत्येक अक्षरामागे एक आरंभ बिट, आठ माहितीचे आणि एक अंतिम, असे १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. आता हिशेब करा. एका विहिरीचं वाचन दशांश चिन्ह आणि विभाजक धरून ८ अक्षरांचं आहे. ९६ विहिरींच्या प्लेटचं उत्तर ७६८ अक्षरांचं, ते ०.८ सेकंदात येतं. ३८४ विहिरींच्या प्लेटचं उत्तर ३,०७२ अक्षरांचं, त्याला ३.२ सेकंद लागतात. ड्रायव्हरमध्ये टाइमआउट होता २ सेकंदांचा.

दिवसा चाचणी घेताना आम्ही हाताशी असलेली ९६ ची प्लेट वापरायचो. रात्रीच्या रनमध्ये चार ९६ च्या प्लेट्समधला द्रव एका ३८४ च्या प्लेटमध्ये एकत्र करण्याचा टप्पा शेवटी शेवटी यायचा. काही रात्री तो टप्पा नसायचाच. त्याच आमच्या ‘बऱ्या गेलेल्या’ रात्री. रात्र, थंडावा, विजेचा दाब, बॅकअप, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. रात्रीचा काहीही संबंध नव्हता.

पण टाइमआउट झाला तर त्रुटी दिसायला हवी होती, यंत्र ‘व्यस्त’ का दिसत होतं? रीडर एका ओळीत एका पंक्तीची २४ वाचनं पाठवतो, अशा १६ ओळी. दोन सेकंदांत साधारण दहा ओळी पोचल्या, ड्रायव्हरनं टाइमआउट धरला आणि नेहमीच्या पद्धतीनं विचारलं, ‘तुझी स्थिती काय?’ रीडर मात्र अजून मागच्या प्रश्नाचं उत्तर देत होता. उरलेल्या सहा ओळी बफरमध्ये (आलेली अक्षरं वाचली जाईपर्यंत साठतात त्या जागेत) येऊन पडल्या. ड्रायव्हरनं त्यातली पहिली ओळ उचलली आणि तिला स्थितीचं उत्तर समजला. अर्थ लागला नाही, पुन्हा विचारलं, पुढची ओळ उचलली. पाच वेळा अगम्य उत्तर आल्यावर तो त्या उपकरणावर ‘व्यस्त’ असा शिक्का मारून विचारणंच थांबवत होता. रीडरनं पाठवलेलं ‘तयार’ हे खरं उत्तर त्या ओळींच्या मागे रांगेत पडून राहिलं.

उत्तर आलंच नाही तर निदान कळतं तरी. उशिरा आलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाचं म्हणून वाचलं जातं आणि तिथून सगळी उत्तरं एका घरानं सरकतात. आमच्याकडे त्यातून नुसता खोळंबा झाला, हे नशीब. हेच सरकणं झाकण उघडणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या बाबतीत झालं असतं, तर ‘झाकण उघडलं का?’ या प्रश्नाला आधीच्या कुठल्या तरी प्रश्नाचं ‘हो’ मिळालं असतं आणि आर्म बंद झाकणावर आदळला असता. म्हणून नुसता टाइमआउट वाढवून समाधान मानू नका. तोही वाढवायचाच, आणि उत्तराच्या अपेक्षित लांबीवरून काढायचा: अक्षरं भागिले वेग, त्याच्या दुप्पट, वर यंत्राला विचार करायला लागणारा वेळ. पण खरी दुरुस्ती ही: टाइमआउट झाला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. तारेवर पूर्ण शांतता होईपर्यंत थांबायचं, आमच्याकडे ती ५०० मिलिसेकंद ठेवली आहे. मग आलेलं सगळं लॉगमध्ये लिहून बफर रिकामा करायचा आणि त्यानंतरच स्थिती विचारायची. प्रत्येक नवी कमांड पाठवण्याआधीही बफर रिकामा आहे ना ते तपासायचं. रिकामा नसेल तर मुकाट पुसून टाकू नका, नोंद करा. ती नोंद म्हणजे पुढच्या दोषाची आगाऊ सूचना असते.

उत्पादकानं दिलेला ड्रायव्हर बंद पेटीसारखा असेल आणि त्यात बदल करता येत नसेल, तर मधे आपला छोटा प्रोग्रॅम बसवता येतो, जो शेड्युलरशी एका बाजूनं आणि यंत्राशी दुसऱ्या बाजूनं बोलतो. आम्ही शेवटी तेच केलं.

नव्या प्रमाणांत हा रोग मुळातच होत नाही. सिला २ हे प्रयोगशाळा-उपकरणांसाठीचं खुलं प्रमाण जीआरपीसी आणि एचटीटीपी/२ या नेटवर्कवरच्या संवाद-पद्धतींवर उभं आहे. त्यात लांब चालणाऱ्या कमांडला स्वतंत्र ओळख-क्रमांक मिळतो. प्रगती आणि निकाल त्या क्रमांकावरच मागायचे, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला लागत नाही. ओपीसी यूए या औद्योगिक यंत्रांच्या संवाद-प्रमाणाच्या कुटुंबातलं लॅड्स हे प्रमाण यंत्राची अवस्था आणि तिच्यातले बदल ठरलेल्या साच्यात मांडतं. नवी खरेदी करताना यांपैकी एकाचा आधार आहे का ते जरूर विचारा. मात्र ‘सिला चालतं’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. कोणत्या सोयी त्यातून उघड केल्या आहेत त्याची यादी मागा. प्रमाण बोलण्याची रीत ठरवतं, पण एखाद्या यंत्रानं झाकणाचा सेन्सर त्या बोलण्यात आणलाच नसेल तर तुम्हाला तो दिसणार नाही.

‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं

तारेवरचा गोंधळ नसेल आणि तरीही आर्म चुकीच्या क्षणी पोचत असेल किंवा विनाकारण थांबत असेल, तर हा भाग तुमच्यासाठी. माझ्या मते वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रं एकत्र नांदवताना सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

एखाद्या कमांडच्या आयुष्यात तीन वेगळे क्षण असतात. यंत्राला कमांड मिळाली, हा पहिला. यंत्राचं काम संपलं, हा दुसरा. आता रोबोनं हात घातला तरी चालेल, हा तिसरा. प्रत्येक उत्पादक यांपैकी आपल्या सोयीचा क्षण निवडतो आणि त्यालाच ‘झालं’ म्हणतो. एक रीडर ट्रे बाहेर काढायला सांगितल्यावर मोटर फिरायला लागताच ‘ठीक’ म्हणतो. दुसरा रीडर ट्रे टोकाला टेकल्यावर म्हणतो. सेंट्रिफ्यूज रोटर थांबल्यावर ‘संपलं’ म्हणतं, पण त्यानंतर रोटर योग्य कोनात फिरवून कप्पा तोंडाशी आणायला आणि दाराचं कुलूप सुटायला वेळ लागतो. इन्क्युबेटर प्लेट बाहेरच्या फलाटावर ठेवल्यावर सांगतो, पण आतली सरकती पट्टी अजून प्लेटखालून मागे गेलेली नसते. एकाच उत्पादकाची सगळी यंत्रं असतात तेव्हा हे संकेत आतल्या आत जुळवलेले असतात. सरमिसळ झाली की प्रत्येकाचा ‘झालं’ वेगळा, हे आपल्यालाच ध्यानात ठेवावं लागतं.

यावर बहुतेक जण करतात तो उपाय म्हणजे ठराविक विराम: ट्रे उघड, ५ सेकंद थांब, मग आर्म पाठव. काही आठवडे ते चालतं. मग ट्रेच्या रुळावरचं वंगण सुकतं, सहा सेकंद लागायला लागतात, आणि आर्म अर्धवट उघडलेल्या ट्रेवर प्लेट ठेवायला जातो. विराम वाढवत नेले तर प्रत्येक हालचालीत सेकंद साचतात आणि रन तासाभरानं लांबतो. विरामाऐवजी प्रत्यक्ष अवस्था विचारा: ट्रेचा टोकाचा सेन्सर, दाराचा सेन्सर, प्लेट आहे-नाहीचा सेन्सर. लागोपाठ दोन वेळा तेच उत्तर आलं तरच पुढे जा, कारण हालणाऱ्या भागाचा सेन्सर क्षणभर खोटं बोलू शकतो.

प्रत्येक यंत्रासाठी आम्ही एक पान केलं. त्या यंत्राच्या प्रत्येक कमांडसमोर, उत्तर या तिघांपैकी कोणत्या क्षणी येतं, ते हातात घड्याळ घेऊन आणि यंत्राकडे बघत नोंदवलं. माहितीपुस्तिकेवरून भरलं नाही. पाच यंत्रांना दोन दिवस लागले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कामी आलेले दोन दिवस तेच.

याच पानावर आणखी एक रकाना ठेवा: ही कमांड चुकून दोनदा गेली तर काय होईल? टाइमआउट झाला की कमांड पुन्हा पाठवायची, अशी सवय पुष्कळ ड्रायव्हरना असते. ‘ट्रे उघड’ दोनदा गेलं तर बिघडत नाही. ‘५० मायक्रोलिटर टाक’ दोनदा गेलं तर विहिरीत १०० मायक्रोलिटर पडतात, कुठेही त्रुटी दिसत नाही आणि निकाल मात्र चुकतो. असा निकाल कुणाच्या तरी निर्णयाचा आधार होणार असतो. द्रव टाकणं, सील लावणं, ढवळणं, गरम करणं या कमांडवरचा आपोआप पुनःप्रयत्न पूर्ण बंद करा. टाइमआउट झाला तर आधी स्थिती विचारायची, आणि काम झालं की नाही हे यंत्राला सांगता येत नसेल तर ती प्लेट संशयित म्हणून बाजूला काढायची. एक प्लेट गेली तर चालेल.

पहिला दोष सुटला आणि दुसरा दिसला

बफरची दुरुस्ती केल्यावर चार रात्री चांगल्या गेल्या. पाचव्या रात्री पुन्हा थांबलं. या वेळी तारेवर सगळं स्वच्छ होतं. आर्मच्या ग्रिपरमध्ये (पकडीत) रीडरसाठी आणलेली प्लेट होती. रीडरमध्ये वाचून झालेली प्लेट होती आणि ती बाहेर काढायला आर्म मोकळा हवा होता. आर्म मोकळा व्हायला रीडर रिकामा हवा होता.

संगणकशास्त्रात याला डेडलॉक म्हणतात. आपण तिढा म्हणू. कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्याच्या चार अटी मांडल्या: साधन एका वेळी एकालाच वापरता येणं, हातातलं न सोडता दुसऱ्याची वाट पाहणं, साधन जबरदस्तीनं काढून घेता न येणं, आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ तयार होणं. चारही एकदम असतील तरच तिढा पडतो, म्हणून एक मोडली तरी पुरे. प्लेटच्या जगात पहिली अट मोडता येत नाही, एका घरात दोन प्लेट्स बसत नाहीत. दुसरी मात्र सहज मोडते: प्लेट उचलण्याआधीच तिचं पुढचं घर राखून ठेवायचं. रीडर रिकामा आहे आणि या प्लेटच्या नावानं राखला गेला आहे, हे पक्कं झाल्याशिवाय आर्मनं इन्क्युबेटरकडे जायचंच नाही. तिसरीही मोडता येते, डेकवर (प्लेट्स ठेवायच्या फलाटावर) एक जागा कायम रिकामी ठेवून. अडचण आली तर आर्म हातातली प्लेट तिथे टेकवतो आणि मोकळा होतो. ती जागा ‘वाया जाते’ म्हणून नंतर कुणी तरी तिथे पिपेटच्या टिपांचा डबा ठेवतं. आमच्याकडे ठेवला होता. आता त्या जागेवर पट्टी चिकटवली आहे आणि शेड्युलरमध्येही ती जागा साठवणीसाठी बंद केली आहे.

पण हा तिढा नेमका आताच का पडायला लागला? तोपर्यंत वर्षभर तीच मांडणी चालत होती. उत्तर वेळापत्रकात होतं.

शेड्युलर ढोबळमानानं दोन स्वभावांचे असतात. काही सुरुवातीलाच सगळ्या रनचं वेळापत्रक आखतात, काही घटना घडेल तसं पुढचं पाऊल ठरवतात. पहिल्या प्रकारात प्लेट कधी कुठे असेल ते आधीच ठाऊक असतं, पण एक यंत्र रेंगाळलं की आखणी कोलमडते. दुसऱ्या प्रकारात लवचीकता मिळते, पण पुढचं दिसत नाही, आणि तिढे त्यातच जास्त पडतात. सर्वोत्तम वेळापत्रकाची अपेक्षा दोघांकडूनही ठेवू नका. हा जॉब-शॉपचा (अनेक कामं मोजक्या यंत्रांवर कोणत्या क्रमानं लावायची याचा) प्रश्न आहे आणि तो एनपी-हार्ड आहे, म्हणजे प्लेट्स आणि यंत्रं वाढली की उत्तम उत्तर वाजवी वेळात हमखास शोधून देणारी पद्धत कुणाच्याच हाती नाही. सगळे अंदाजानं बऱ्यापैकी उत्तर काढतात. त्यामुळे त्यांना दिलेले वेळांचे आकडे खरे असणं फार महत्त्वाचं ठरतं.

आमचे आकडे असे होते: लिक्विड हँडलर ६ मिनिटं, इन्क्युबेटर ३० मिनिटं (पण त्यात एका वेळी अनेक प्लेट्स राहतात), रीडर ४ मिनिटं. नवी प्लेट दर ६ मिनिटांनी सोडायची, कारण एका वेळी एकच प्लेट घेणाऱ्या यंत्रांतला सर्वांत सावकाश टप्पा ६ मिनिटांचा. मधल्या काळात वाचनाच्या पद्धतीत एक तरंगलांबी आणि थोडं हलवणं वाढवलं गेलं. रीडरला ७ मिनिटं लागायला लागली. शेड्युलरमधला आकडा ४ च राहिला, म्हणजे रीडर अजून भरलेला असतानाच पुढची प्लेट त्याच्याकडे निघू शकत होती.

हालचालींचा वेळ सोडून देऊन हिशेब पाहा. प्लेट्स ६ मिनिटांनी येतात, रीडर त्या ७ मिनिटांनी घेतो. दुसऱ्या प्लेटला १ मिनिट थांबावं लागतं, तिसरीला २, आणि चोविसाव्या प्लेटला २३ मिनिटं. म्हणजे जिला ३० मिनिटं उबवायचं होतं ती ५३ मिनिटं आत राहिली. रन अडकला नसता तरीही शेवटच्या प्लेट्सचे निकाल पहिल्या प्लेट्सशी ताडून पाहण्याच्या लायकीचे नव्हते. तिढ्यामुळे आम्ही तिथे पाहिलं, नाहीतर हे कळलंही नसतं. याचा विचार केला की अजूनही अस्वस्थ वाटतं.

उपाय साधा होता: प्लेट सोडण्याचं अंतर सर्वांत सावकाश टप्प्याच्या बरोबरीचं किंवा त्याहून जास्त ठेवणं. अंतर ७ मिनिटं केलं की रांग लागतच नाही. पूर्ण रन २३ मिनिटांनी लांबत नाही, कारण शेवटची प्लेट नाहीतरी रीडरसाठी तेवढी थांबणारच होती. आता ती उबेत थांबण्याऐवजी रॅकमध्ये थांबते. त्यात थोडी सवड म्हणून आम्ही ७ मिनिटं ३० सेकंद ठेवली. शिवाय एका वेळी फिरतीवर असलेल्या प्लेट्सच्या संख्येवर मर्यादा घातली, आणि ‘उबवणं संपल्यापासून वाचनापर्यंत जास्तीत जास्त २ मिनिटं’ अशी अट शेड्युलरमध्ये स्पष्ट लिहिली. ती मोडली तर प्लेटवर खूण होते.

वेळांचे आकडे सरासरीवरून भरू नका. प्रत्येक टप्प्याच्या मागच्या तीसएक फेऱ्यांच्या वेळा लॉगमधून काढा आणि त्यातल्या जास्तीत जास्त वेळेच्या आसपासचा आकडा घ्या. सरासरी घेतली तर बऱ्याच फेऱ्या ठरलेल्या वेळेबाहेर जातात आणि घटनांनुसार चालणारा शेड्युलर रात्रभर सावरासावर करत बसतो. वाचनाची पद्धत, ढवळण्याचा वेळ, प्लेटचा प्रकार यांपैकी काहीही बदललं की आकडे पुन्हा काढायचे. पद्धत बदलणारा माणूस आणि शेड्युलर सांभाळणारा माणूस वेगळा असतो, म्हणून पद्धतीच्या मंजुरीच्या कागदावरच ‘वेळ मोजला’ अशी चौकट टाकून घेतली.

प्लेटविषयी थोडं

प्लेटचा तळ सगळीकडे सारखा असतो: १२७.७६ मिलिमीटर बाय ८५.४८ मिलिमीटर. ही मापं २००४ च्या प्रमाणात पक्की झाली, म्हणूनच एका उत्पादकाची प्लेट दुसऱ्याच्या यंत्रात बसते. पण प्लेटची उंची, खालच्या कडेची उंची, झाकणाची जाडी यांत फरक असतात, आणि प्रत्येक यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच प्लेटची स्वतंत्र व्याख्या असते. लिक्विड हँडलरमध्ये एका नावानं १४.४ मिलिमीटर आणि आर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या नावानं १४.२, असं असलं तर प्लेट पकडली जाते, पण कधीमधी तिरकी बसते. सगळ्या व्याख्या एका तक्त्यात आणून कॅलिपरनं मोजलेल्या मापाशी ताडून पाहा. ए-१ ही विहीर प्रत्येक यंत्रात कोणत्या कोपऱ्यात येते तेही त्याच तक्त्यात लिहा; आर्म प्लेट उभी धरतो की आडवी यावर ते पालटतं आणि पालटलेली प्लेट कुठलीच त्रुटी दाखवत नाही.

दुरुस्ती खरी आहे हे कसं पटवायचं

शेड्युलरच्या सिम्युलेशनवर विसंबू नका. त्यातली बनावट यंत्रं लगेच आणि नेमकं उत्तर देतात. आपला दोष उशिरा येणाऱ्या उत्तरात होता. आम्ही तो मधला प्रोग्रॅम असा लिहिला की तो मुद्दाम उत्तर अडवून धरू शकतो. पाण्यानं भरलेल्या प्लेट्स घेतल्या, प्रत्यक्ष यंत्रं चालवली आणि अधूनमधून एखादं उत्तर १० सेकंद रोखलं, एखाद्याचा अर्धाच भाग पुढे सोडला, एखादं दोनदा दिलं. प्रत्येक वेळी यंत्रणेनं एक तर सावरून पुढे जायला हवं, नाहीतर स्पष्ट त्रुटी दाखवून थांबायला हवं. तिसरा प्रकार, म्हणजे काहीच न बोलता उभं राहणं, एकदाही चालणार नाही. पहिल्याच दिवशी सीलरच्या (प्लेटवर सील लावणाऱ्या यंत्राच्या) ड्रायव्हरमध्ये रीडरसारखाच दोष सापडला, तो आजवर कधी उघडा पडला नव्हता. सगळं दुरुस्त झाल्यावर ९६ आणि ३८४ च्या प्लेट्स मिसळून ४८ तास सलग चालवलं.

उत्पादकाकडे मदत मागताना ‘यंत्र अडकतं’ असं लिहू नका. बाइटचा कच्चा लॉग, त्याच्या शेजारी अपेक्षित क्रम, फर्मवेअरची आवृत्ती आणि दोष हमखास घडवण्याची कृती पाठवा. आमच्या रीडरच्या उत्पादकानं असा लॉग पाहिल्यावर दोन दिवसांत कबूल केलं की ड्रायव्हर लिहिला गेला तेव्हा ३८४ ची प्लेट त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

एक गाठ अजून सुटलेली नाही. आमच्या शेकरला (प्लेट हलवणाऱ्या यंत्राला) जागेवर परत आल्याचं सांगणारा सेन्सरच नाही. तो थांबतो, पण दर वेळी नेमक्या मध्यावर थांबला की नाही हे त्याला सांगता येत नाही. तिथे नाइलाजानं ठराविक विराम ठेवला आहे आणि पकडीची जागा एक-दोन मिलिमीटर सैल केली आहे. शेकरच्या कडेला बाहेरून एक प्रकाश-सेन्सर बसवून त्याचा संकेत थेट आर्मच्या नियंत्रकाला देण्याचं काम चालू आहे. कुणी हे आधी केलं असेल, तर सेन्सर कंपनामुळे ढळू नये म्हणून तो कसा बसवला ते जरूर कळवा.